काचेआडची मांडण

माझ्या आजीनं संत्र्याची एक पेटी कधी जाळू दिली नाही. वरूडला त्या काळी बंबात घालायला या पेट्यांच्या फळ्यांइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. हलकं लाकूड, चटकन पेट घेणारं. हंगाम सरला की तुटक्या पेट्या घरोघरी फोडल्या जायच्या. आजीनं मात्र एक पेटी आडवी करून, उघडी बाजू पुढे घेऊन, कोनाड्यात ठेवली होती. आत कंदिलाची काच होती, पण कंदील नव्हता. आजोबांच्या चष्म्याची एक काडी होती, बैलाच्या घागरमाळेतलं एक घुंगरू होतं, दोन कवड्या, एक निळी रिकामी बाटली. मागच्या फळीला टाचणीनं लावलेलं पोस्टकार्ड होतं, मजकूर फळीकडे आणि पत्ता आपल्याकडे. यातली एकही वस्तू कामाची नव्हती आणि एकही देवाची नव्हती. मी एकदा ते घुंगरू खेळायला काढलं तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "जागा नको हालवू बाप्पा त्याईची."

हरवेल, असं ती म्हणाली नाही. फुटेल, असंही नाही. तिला काळजी होती ती जागेची. पुढे बऱ्याच वर्षांनी एका कलाविषयक पुस्तकात जोसेफ कॉर्नेल नावाच्या अमेरिकी कलावंताच्या लाकडी पेटीचं छायाचित्र पाहिलं आणि मला आजीचं ते वाक्य आठवलं. तेव्हापासून एक प्रश्न सोबत आहे. घरातल्या, रस्त्यातल्या, भंगारातल्या साध्या वस्तू एका चौकटीत ठेवल्या की त्यांची कधी नुसती अडगळ होते, कधी सजावट होते आणि कधी चक्क कविता होते. हा फरक कुठे पडतो? जगात या प्रश्नाला हात घालणारे बरेच जण होऊन गेले. मराठी मुलखातही झाले, काहींनी तर आपण असं काही करतो आहोत हे कळूही दिलं नाही. त्यांच्याकडे एका नजरेनं पाहावं म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं बोलू. बाहेर या कलेला असेम्ब्लाज म्हणतात. फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे यांनी १९५३ च्या सुमारास हा शब्द स्वतःच्या कामासाठी वापरला आणि १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम सीट्झ यांनी भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर तो जगभर रुळला. मराठीत इन्स्टॉलेशनसाठी मांडणशिल्प हा चांगला शब्द तयार झाला, पण असेम्ब्लाजला अजून हक्काचं नाम मिळालेलं नाही. क्रियापद मात्र आपल्याकडे आहे आणि ते फार जुनं आहे. मांडणे. आपण पूजा मांडतो, चूल मांडतो, पाट मांडतो, डाव मांडतो, भातुकली मांडतो, संसारही मांडतो. या प्रत्येक मांडण्यात वस्तूंना एकमेकींच्या मानानं जागा मिळते. समईची जागा तांब्यामुळे ठरते आणि तांब्याची सुपारीमुळे. दुसरी गोष्ट अशी की आपल्या मांडण्याला मोडणं जोडूनच येतं. उत्तरपूजा होते, डाव मोडतो, भातुकली आवरून टोपलीत जाते. मराठी घरानं मांडली ती गोष्ट मोडण्यासाठीच मांडली. मला वाटतं, पेटीतली कला म्हणजे मोडायच्या क्षणाआधी थांबवून ठेवलेली मांडण. ती पाहताना स्वप्नात असल्यासारखं वाटतं त्याचं मूळ इथंच आहे. खेळ संपलेला नाही आणि खेळणारं तर कुणी दिसत नाही.

कॉर्नेलकडे या दृष्टीनं पाहिलं तर तो परका वाटेनासा होतो. २४ डिसेंबर १९०३ रोजी न्यूयॉर्कजवळच्या नायॅक गावी जन्म. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. कलेचं कसलंही रीतसर शिक्षण नाही. लोकरी कापडाचा विक्रेता म्हणून तो मॅनहॅटनमध्ये वर्षानुवर्षं दारोदार फिरला आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात जुन्या पुस्तकांची आणि किरकोळ मालाची दुकानं धुंडाळत राहिला. १९२९ पासून मरेपर्यंत क्वीन्स भागातल्या युटोपिया पार्कवे नावाच्या रस्त्यावरच्या एका लहान लाकडी घरात राहिला, आई आणि धाकटा भाऊ रॉबर्ट जिवंत असेपर्यंत त्यांच्यासोबत. रॉबर्टला सेरेब्रल पाल्सी होती. भाऊ झोपला, आई झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉर्नेलचं काम सुरू व्हायचं. पुढे तळघरात त्याची कार्यशाळा झाली. तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या लावून शिंपले, स्प्रिंगा, चिनी मातीच्या चिलमी, घुबडांची चित्रं असं सगळं वेगवेगळं लावून ठेवलेलं असे. सुतारकाम तो शेजाऱ्याकडून शिकला. नवी पेटी जुनी दिसावी म्हणून तो ती ओव्हनमध्ये भाजायचा, रंगाला तडे जाऊ द्यायचा, बाहेर ऊनपावसात ठेवायचा. त्यानं अमेरिकेबाहेर कधी पाऊल ठेवलं नाही. त्याच्या पेट्यांत मात्र युरोपातल्या हॉटेलांची नावं आहेत, नकाशे आहेत, इटालियन राजपुत्रांचे चेहरे आहेत, उष्ण प्रदेशातले पोपट आहेत.

१९३६ ची 'सोप बबल सेट' ही पेटी जरा जवळून पाहू. मध्यभागी चंद्राचा जुना छापील नकाशा. एका बाजूला साबणाचे फुगे उडवायची मातीची चिलीम. एका लहान पेल्यात अंडं. एका खणात बाहुलीचं डोकं. वर चार दंडगोल. बस, इतकंच. पण नकाशातला चंद्र गोल आहे, अंडं गोलसर आहे, डोकं गोल आहे आणि चिलमीतून निघणारा फुगा तर गोलच असणार. तो फुगा पेटीत कुठेच नाही. पाहणाराच तो मनात फुगवतो. चार वस्तू मिळून जी नसलेली पाचवी वस्तू उभी करतात तिला मी कविता म्हणते. उपमा आणि उपमेय दोन्ही समोर ठेवायची आणि 'सारखा' हा शब्द तेवढा गाळायचा, असं काहीसं कॉर्नेल करतो. त्याच वर्षी ही पेटी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि नंतर हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयानं ती विकत घेतली.

१९४० ची 'टॅग्लिओनीज ज्युएल कॅस्केट' पेटी गोष्टीवर उभी आहे. मारी टॅग्लिओनी ही एकोणिसाव्या शतकातली गाजलेली बॅले नर्तिका. एका हिवाळी रात्री रशियात दरोडेखोरानं तिची गाडी अडवली आणि बर्फावर अंथरलेल्या कातड्यावर तिला नाचायला लावलं, अशी एक आख्यायिका. त्या रात्रीची आठवण म्हणून ती दागिन्यांच्या पेटीत बर्फाचा तुकडा ठेवायची म्हणे. कॉर्नेलनं मखमलीचं अस्तर लावलेल्या पेटीत काचेचे चौकोनी तुकडे ओळीनं ठेवले आणि झाकणात एक कंठा लावला. काचेचा बर्फ वितळत नाही. नाच, ती रात्र, ती बाई, सगळं वितळून गेलं आणि उरला तो खोटा बर्फ. तिसरी पेटी १९५३ च्या आसपासची, एमिली डिकिन्सन या कवयित्रीसाठी केलेली, 'निळ्या द्वीपकल्पाकडे' अशा अर्थाच्या नावाची. पांढरा रंग दिलेली आतली बाजू, तारेची जाळी, पक्ष्याला बसायची रिकामी काडी, आणि मागे एक खिडकी, तिच्यात निळं आकाश. पक्षी नाही. माझ्या मते कॉर्नेलचं हे सगळ्यात मोठं काम आहे, कारण इथे त्यानं वस्तू जवळजवळ संपवल्याच आणि सगळी भिस्त रिकाम्या जागेवर ठेवली.

कॉर्नेलच्या आगेमागे जे झालं ते थोडक्यात सांगते. जर्मनीत कुर्ट श्विटर्सनं १९१९ पासून तिकिटं, दोऱ्या, लाकडाचे तुकडे चिकटवून चित्रं केली. मार्सेल द्युशाँनं स्वतःच्या कामांच्या लहान प्रतिकृती एका बॅगेत मावतील अशा केल्या आणि त्या जुळवायला काही काळ कॉर्नेलच मदतीला होता. लुईस नेव्हेलसननं पेट्यांवर पेट्या रचून भिंती उभारल्या आणि बहुतेक काळ्या रंगवल्या. बेट्ये सार या कृष्णवर्णीय कलावंत स्त्रीनं अशाच पेटीत वंशद्वेषाच्या बाहुल्या ठेवून तिचा सवाल केला. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांनी आपल्या कादंबरीच्या ८३ प्रकरणांसाठी तितक्याच काचपेट्यांचं संग्रहालय २०१२ साली इस्तंबूलमध्ये उघडलं. पामुकांची पेटी मला आवडते, पण तिला कादंबरीचा टेकू लागतो. कॉर्नेलची पेटी गोष्ट माहीत नसली तरी बोलते.

इथून वाट थेट आमच्या वऱ्हाडात येते, ती मेक्सिकन कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांच्यामुळे. पाझ १९६२ ते १९६८ या काळात भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. १९६३ साली दिल्लीत 'ग्रुप १८९०' या बारा तरुण चित्रकार-शिल्पकारांचं एकमेव प्रदर्शन भरलं, पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं आणि पुस्तिकेची प्रस्तावना पाझ यांनी लिहिली. त्या बारांमध्ये अंबादास होते. अंबादास खोब्रागडे, जन्म अकोल्याचा, १९२२ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली आणि शेवटी नॉर्वेत स्थायिक होऊन २०१२ साली ऑस्लोत वारले. पाझ यांनी पुढे कॉर्नेलच्या पेट्यांवर एक कविता लिहिली आणि एलिझाबेथ बिशप या अमेरिकी कवयित्रीनं ती इंग्रजीत आणली. बिशपबाई स्वतःही अशा पेट्या करायच्या. म्हणजे युटोपिया पार्कवेच्या तळघरातल्या पेट्यांना शब्द देणाऱ्या कवीनं त्याआधी अकोल्याच्या पोराच्या रंगांना शब्द दिले होते. अंबादास पेट्या करणारे नव्हेत. त्यांची चित्रं निखळ अमूर्त, रंगाचे वाहते, पीळदार पट्टे. पण वस्तूचं नाव पुसलं तरी तिचा जीव उरतो, हा विश्वास पाझ यांना दोन्हीकडे दिसला असावा असं मला नेहमी वाटतं.

वीव्हर्स सर्व्हिस सेंटर म्हटलं की दुसरं नाव निघतं ते प्रभाकर बरवे यांचं, आणि या प्रश्नाबाबत मराठीत सगळ्यात जास्त थांबावं ते त्यांच्यापाशीच. अलिबागजवळच्या नागावचे. जन्म १९३६, मृत्यू १९९५. साठच्या दशकाच्या सुरुवातीला याच नोकरीमुळे काही वर्षं बनारसला राहिले आणि तिथे तंत्रकलेचा त्यांच्यावर ठसा उमटला. पुढे मुंबईत त्यांच्या कॅनव्हासवर साध्या वस्तू येऊ लागल्या. घड्याळ, झाडाचं पान, फळ, टाचणी, किल्ली. रंग एनॅमलचे, दारं-खिडक्या रंगवायला वापरतात तसले, सपाट आणि गुळगुळीत. या वस्तू टेबलावर नाहीत, जमिनीवर नाहीत, कुठल्याही खोलीत नाहीत. मोठ्या फिक्या अवकाशात त्या तरंगतात. एखादीची सावली तिच्यापासून सुटून दूर पडलेली असते. आकारमानाचं आपलं रोजचं गणित तिथे चालत नाही, टाचणी आणि डोंगर एकाच मापाचे होऊ शकतात. बरव्यांनी लाकडाच्या पेट्या केल्या म्हणून मी त्यांना इथे आणत नाही. त्यांनी कॅनव्हासचीच पेटी केली. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, त्याचं नावही रिकाम्या पेटीच्या आत असंच काहीसं होतं: 'इन्साइड द एम्प्टी बॉक्स'.

त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० चं. चित्र घडताना मनात काय चालतं याचा इतका सरळ, बिनदिखाऊ शोध मराठीत दुसऱ्या कुणी चित्रकारानं घेतल्याचं मला ठाऊक नाही. हे पुस्तक वाचताना माझ्या ध्यानात आलं की बरव्यांचं प्रेम वस्तूवर जितकं आहे तितकंच दोन वस्तूंमधल्या अंतरावर आहे. पान आणि घड्याळ यांच्यात जी वीतभर मोकळी जागा आहे तिथेच चित्र घडतं. अंतर कमी केलं तर त्यांचं नातं उघड होतं, मजा जाते. फार वाढवलं तर नातंच तुटतं. नेमकं किती, हे मोजपट्टी सांगत नाही. आजी त्यालाच जागा म्हणत होती.

आता पुण्याकडे वळू. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे कवी, आणि व्यवसाय चष्म्यांचा. लाडका मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी जो संग्रह वाढवला तेच आजचं बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. पत्नी कमलाबाई या सगळ्यात सोबत. सुमारे वीस हजार वस्तू: अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, फण्या, कुंकवाचे करंडे, कोरीव दारं. मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून तो महालही त्यांनी तिथे पुन्हा उभा केला. केळकर १९९० साली गेले. लोकरीचा विक्रेता आणि चष्मेवाला, एकाच्या घरात अपंग भाऊ आणि दुसऱ्याच्या घरात गेलेलं मूल. दोघंही सगळ्या हयातीत लोकांनी टाकलेलं वेचत राहिले. मला ही जोडी फार हलवते.

दोघांची वाट मात्र एका ठिकाणी वेगळी होते. केळकरांनी अडकित्त्याजवळ अडकित्ता ठेवला. पोपटाच्या आकाराचा, घोड्याच्या आकाराचा, स्त्री-पुरुषाच्या जोडीचा. पाहताना कारागिराच्या कल्पकतेनं जीव थक्क होतो, पण दहाव्या अडकित्त्यापाशी पहिला विसरतो. एका जातीच्या वस्तू शेजारी आल्या की ज्ञान वाढतं. स्वप्न पडायला परक्या वस्तूचा शेजार लागतो. केळकरांचा कवी मला त्या कपाटांपेक्षा सगळ्या संग्रहाला दिलेल्या त्या एका नावात भेटतो. इतक्या हजार वस्तूंतली एकही त्या लहान मुलाची म्हणून मांडलेली मला दिसली नाही आणि दारावर नाव मात्र त्याचं.

संग्रहालयात काय आलं याबरोबर काय आलं नाही हेही पाहिलं पाहिजे. पितळ येतं, हस्तिदंत येतं, कोरीव सागवान येतं. फुटकं खापर येत नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. त्यांचं रूप डोळ्यांपुढे आणा. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि गाडगं. हे रूप कला म्हणून केलेलं नव्हतं, आणि त्याला कला म्हणून मी ते लहानही करणार नाही. पण लोकांनी उकिरड्यावर टाकलेल्या वस्तू माणसानं अंगावर मांडल्या आणि ती मांडण शेवटपर्यंत मोडली नाही, असं दुसरं उदाहरण माझ्यासमोर नाही. टाकाऊ वस्तूत प्रतिष्ठा असते, हे वऱ्हाडाला कुठल्याही प्रदर्शनाआधी ठाऊक होतं.

हाच धागा आजचे काही कलावंत पुढे नेत आहेत. प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड शिल्पात आणली. घरातली साधी उतरंड आणि जातीची उतरंड हा एकाच शब्दातला दुहेरी अर्थ त्यांनी डोळ्यांना दाखवला आणि मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. शर्मिला सामंत यांनी शीतपेयाच्या बाटल्यांची बुचं जोडून साडी केली. ठाण्याच्या प्राजक्ता पोटनीस यांनी फ्रिजच्या आतल्या पांढऱ्या थंड पोकळीत भाज्या आणि घरगुती वस्तू ठेवून छायाचित्रं काढली. फ्रिज म्हणजे आजच्या घरातली सगळ्यात मोठी पेटी, आतून दिवा लागणारी, हे मला त्यांच्या कामानं दाखवलं. घाटकोपरचे अतुल डोडिया यांनी पोरबंदरला गांधीजींच्या जन्मस्थळी पाहिलेल्या कपाटांवरून 'ब्रोकन ब्रँचेस' ही लाकडी कपाटांची मालिका केली. काचेआड रंगवलेली छायाचित्रं, हत्यारं, हाडं, कृत्रिम हातपाय. गुजरातेत २००२ मध्ये ज्या दंगली झाल्या त्यांच्या छायेतलं हे काम. तिथे स्वप्नाचा गोडवा नाही, पण स्वप्न वाईटही पडतं. या कलेला गोड आणि जुनाट ठरवून बाजूला सारणाऱ्यांनी ती कपाटं पाहावीत.

आणि घरातल्या बायका? हा भाग आपल्या कलेच्या इतिहासात नीट लिहिलाच गेला नाही. रविवर्मांच्या छापखान्यातून १८९४ पासून देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर गेली. कितीतरी घरांत त्या छापील लक्ष्मी-सरस्वतीला बायकांनी खऱ्या कापडाची साडी नेसवली, जर लावली, टिकल्या आणि मणी शिवले, आणि मग ती तसबीर काचेत मढवली. छापील चेहरा आणि खरा मणी यांच्यामधून जे विचित्र, जिवंत असं काही तयार झालं ते सरळ असेम्ब्लाज आहे. आमच्याकडच्या महालक्ष्म्या घ्या. पत्र्याच्या कोठ्या, त्यांत धान्य, वर साडी आणि त्यावर मुखवटा. पोटात धान्य भरलेली देवी तीन दिवस घरात उभी असते आणि मूळ नक्षत्रावर उठते. मग कोठी कोठीच राहते, साडी पेटीत जाते, मुखवटा फडक्यात. वर्षभर या तिन्ही वस्तू एकमेकींपासून लांब असतात. देवी त्यांच्या एकत्र येण्यात होती.

आपल्या मांडणीत एक दोषही आहे, तो झाकू नये. आपल्याला रिकामी जागा सोसत नाही. मखरात कोपरा मोकळा दिसला की तिथे आपण फूल, माळ, दिवा काहीतरी ठेवतोच. उत्सवाला ते शोभतं. पण हीच भरण्याची सवय घेऊन आपण पेटी करायला बसलो की सजावट होते. बाळाचं पहिलं सॅंडल, बारशाचा फोटो, आजोबांचं घड्याळ असं काचेच्या चौकटीत बसवून देण्याची पद्धत आता शहरांत आली आहे. त्यामागची माया खरी आहे. तरी तिथे प्रत्येक वस्तू एकच गोष्ट सांगते आणि ती आपल्याला आधीच माहीत असते. म्हणून एखादी वस्तू तरी अशी हवी जी तिथे का आहे ते करणाऱ्यालाही सांगता येऊ नये. आजीच्या पेटीतली निळी बाटली तशी होती. तिच्याबद्दल घरात कुणालाच काही माहीत नव्हतं.

राहता राहिला टिकण्याचा प्रश्न, आणि तो कलेच्या पोटातलाच आहे. कागद, गोंद, कापड, लाकूड, काच, गंजणारं लोखंड एका ठिकाणी आणलं की प्रत्येकाचं म्हातारपण वेगळ्या वेगानं येतं. कॉर्नेलला ते हवंच होतं. त्यानं स्वतः पेट्यांना उन्हापावसात म्हातारं केलं. आमच्याकडे ते काम पावसाळा करतो. आजी गेल्यावर मी ती पेटी जपायची म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून माळ्यावर टाकली. ही चूक माझीच. दोन पावसाळ्यांनी उघडली तर आत घाम धरला होता आणि पोस्टकार्डाला कसर लागली होती. पत्ता गेला. मागचा मजकूर, जो आजीनं कुणाला दाखवला नव्हता, त्यातल्या तीन ओळी शाबूत होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. कार्ड पुन्हा त्याच टाचणीच्या छिद्रावर लावलं. उघड्या कोनाड्यात, हवेत, रोज झटकली जात असताना ती पेटी तीस वर्षं टिकली होती.

संग्रहालयांत या कलेचं आणखी एक नुकसान होतं. कॉर्नेलच्या कित्येक पेट्या हातात घेऊन हलवण्यासाठी होत्या. आत वाळू सरकते, गोटी घरंगळते, कडी डुलते. आज त्या काचेच्या कपाटात खिळल्या आहेत आणि वाळू निजली आहे. त्याला स्वतःला पेट्या मुलांनी पाहाव्यात असं फार वाटे. मरण्याच्या वर्षी, १९७२ साली, न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये त्याचं मुलांसाठी खास प्रदर्शन झालं. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे कमरेइतक्या खाली लावल्या होत्या आणि खायला ब्राउनी आणि चेरी घातलेलं कोका-कोला होतं. त्या वर्षीच्या २९ डिसेंबरला तो गेला.

मुलांचं प्रदर्शन आणि खाऊ हे वाचलं आणि मला भुलाबाईच आठवली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलोजी-भुलाबाई मांडतात. कुंभाराकडची मातीची जोडी, तिच्याभोवती ज्याच्या त्याच्या घरातलं काहीबाही, आणि शेवटी ज्वारीच्या धांड्यांची माडी. गाणी संपली की यजमानीण खिरापतीचा डबा आणते. डबा उघडायचा नाही. मुलींनी आत काय आहे ते ओळखायचं. कुणी डबा कानाशी नेतं, कुणी वास घेतं, कुणी जोरात हलवतं. टणटण वाजलं तर फुटाणे, खुळखुळ वाजलं तर चुरमुरे, आणि काहीच वाजलं नाही तर मोठा पेच. हुशार यजमानीण वड्यांच्या मधे रुमाल कोंबून आणायची, म्हणजे आवाज येऊ नये.

गेल्या कोजागिरीला वरूडच्या घरी मुली आल्या तेव्हा त्यातल्या सगळ्यात लहान मुलीनं कोनाड्यात परत ठेवलेली आजीची पेटी पाहिली. खिरापतीचाच डबा समजून तिनं ती हलवली. घुंगरू वाजलं, कवड्या घरंगळल्या, कंदिलाची काच फळीला लागून किणकिणली. मी पुढे झाले, तोंडात आजीचंच वाक्य आलं होतं. ती पोर कान लावून उभी होती. "उंट आहे," ती म्हणाली, "आणि तो पाण्यातून चालला."

मी वस्तू परत जागेवर ठेवल्या नाहीत. जिथे घरंगळल्या तिथेच आहेत.